योऽसि सोऽसि

बाबा स्कूटरशी संस्कृतात बोलायचे. शाळेला निघताना उजवा तळवा हेडलाइटवर टेकवायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि किक मारायच्या आधी पुटपुटायचे, ‘महात्मन् अर्वन्, योऽसि सोऽसि, नमोऽस्तु ते.’ मग मी पुढे उभी, ताई मागे, दोघींची दप्तरं माझ्या पायांशी, अशी आमची वरात सांगलीच्या गल्लीबोळांतून शाळेकडे. शेजारच्या काकूंना वाटायचं, मास्तर देवाचं काहीतरी म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. आंघोळीनंतर रामरक्षा, तिन्हीसांजेला शुभंकरोति, तसं हे एक गाडीवर बसायचं.

स्कूटर बजाज चेतक होती. अर्वन् म्हणजे घोडा, हे मला नववीत कळलं. चेतक हेही घोड्याचंच नाव, म्हणजे बाबा इतकी वर्षं विनोद करत होते, हे आणखी चार-पाच वर्षांनी. बाबा विनोद केला की तो उलगडून सांगत नाहीत. कळला तर कळला.

पण ते वाक्य बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तलं आहे, हे कळायला मात्र २०१९चा पूर यावा लागला.

ऑगस्टात कृष्णा घरात आली. आई-बाबा वेळेवर वरच्या मजल्यावर गेले, माणसं सुखरूप होती, पण पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. मी पुण्याहून पोचले तेव्हा जिन्यात चिखल होता आणि भिंतीवर पट्टीने आखल्यासारखी मातकट रेघ. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पावासारखं फुगलेलं एक पुस्तक. एकेक पान नखाने सुटं करायचं, मध्ये रद्दीचा तुकडा सरकवायचा, पुढचं पान. ‘काळ्यांची कादंबरी,’ मला बघून म्हणाले. मो. रा. काळे यांची आवृत्ती. संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या कित्येक पिढ्यांनी तिच्या टिपांच्या आधारानं पेपर सोडवले आहेत. बाबांनीही सोडवले असणार.

ते पुस्तक मी वाळवायला पुण्याला आणलं. पंख्याखाली पसरलं, टाल्कम पावडर भुरभुरली, वर पोळपाट ठेवला. चार दिवसांनी उघडलं तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक जुनी लग्नपत्रिका उलटी चिकटवलेली दिसली. कोऱ्या बाजूवर बाबांच्या बारीक अक्षरात तक्ता. पेन्सिलीनं होता म्हणून वाचला. शाई असती तर कृष्णार्पण झाली असती.

चंद्र, बाण, चंद्रापीड, बाण, शूद्रक.
पुंडरीक, बाण, वैशंपायन, बाण, पोपट.
कपिंजल, बाण, घोडा इंद्रायुध.
रोहिणी, बाण, पत्रलेखा.
लक्ष्मी, बाण, चांडाळकन्या.

आणि खाली, बाण न काढता: ‘महाश्वेता, कादंबरी. जन्म एकच.’

मी बँकेत नोकरी करते. संस्कृतशी माझा संबंध दहावीच्या मार्कांपुरता. पण हा तक्ता बघून मी त्या पुस्तकात शिरले आणि मराठी भाषांतराचं बोट धरून, कधी बाबांना फोन करून, जवळजवळ दीड वर्षानं बाहेर आले. वेबर नावाचे एक जर्मन पंडित होते. त्यांनी बाणाच्या गद्याला अरण्य म्हटलं होतं: झाडोरा तोडल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, आणि अनोळखी शब्दांची श्वापदं दबा धरून बसलेली. खोटं नाही. एकेक वाक्य दोन-दोन पानं चालतं. पण अरण्यात वाट चुकण्याचाही एक आनंद असतो, आणि मला तेव्हा रात्री झोप येत नव्हती.

गोष्ट सुरू होते विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात. एक चांडाळकन्या येते, सोबत सोन्याच्या पिंजऱ्यात पोपट. राजाचं लक्ष वेधायला ती हातातली बांबूची काठी, टोकाला चिरफळलेली, फरशीवर एकदाच आपटते, आणि ताडाच्या आवाजानं रानहत्तींचा कळप वळावा तसे सगळे मानकरी एकदम तिच्याकडे वळतात. पोपट उजवा पाय उचलतो आणि एक आर्या म्हणतो. राजाला नवल वाटतं. मग पोपट आपली हकिगत सांगतो. त्या हकिगतीत जाबाली नावाचे ऋषी भेटतात, ते पोपटाचा मागचा जन्म सांगतात. त्यात उज्जैनचा राजपुत्र चंद्रापीड येतो, तो भटकत अच्छोद सरोवरावर जातो, तिथं पांढऱ्या वस्त्रातली महाश्वेता वीणा वाजवत बसलेली असते, आणि ती स्वतःची गोष्ट सांगू लागते. कांद्याच्या पापुद्र्यासारखं हे आत-आत जातं. आणि बाहेर येताना समजतं, की गोष्ट ऐकत बसलेला शूद्रक राजा स्वतःच तो चंद्रापीड. पहिल्या पानावर सिंहासनावर बसून तो परक्याची म्हणून आपलीच गोष्ट ऐकत होता.

या दोन जन्मांमागं एक भांडण आहे. पुंडरीक हा ऋषिकुमार महाश्वेतेच्या प्रेमात पडतो आणि विरहाच्या रात्री चांदण्यानं पोळून मरतो. मरता मरता चंद्राला शाप देतो: मला जाळलंस ना, तूही भारतवर्षात जन्मोजन्मी जन्म घेऊन असाच जळशील. चंद्र चिडून उलट शाप देतो: मग तूही माझ्याबरोबर.

आता इथं थांबावंसं वाटतं, कारण बाणानं हे भांडण नावांतच पेरून ठेवलं आहे. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ, दिवसा फुलणारं. चंद्र उगवला की ते मिटतं. संस्कृत कवींच्या जगात चंद्र आणि कमळ यांचं हाडवैर. पुंडरीक चांदण्यानं मरतो हा अपघात नव्हेच, त्याच्या नावातच ते मरण आहे. आणि हे दोन वैरी पृथ्वीवर येतात कसे? राजा तारापीडाला स्वप्न पडतं, राणीच्या मुखात चंद्र शिरतो आहे. त्याच रात्री प्रधान शुकनासाला स्वप्न पडतं, एक धवल वस्त्रातला पुरुष त्याच्या बायकोच्या ओटीत पांढरं कमळ ठेवतो आहे. एकाच वाड्यात, एकाच गुरुकुलात, चंद्रापीड आणि वैशंपायन या नावांनी, जिवाभावाचे मित्र म्हणून ते वाढतात. दोघांपैकी कुणालाही काही आठवत नाही. स्वप्नं बापांना पडली, मुलांना नाहीत.

माझ्या मते पुस्तकाची गंमत इथंच आहे. माणसं सगळं विसरतात, पण वस्तू विसरत नाहीत. चंद्र, कमळ, पांढरा रंग, मोत्यांचा सर. महाश्वेता आणि पुंडरीक यांची पहिली भेट आठवा (किंवा वाचा). त्याच्या कानावर पारिजातकाची मंजरी, तिला तिचा वास येतो. तो मंजरी तिच्या कानावर खोवतो, आणि त्या गडबडीत त्याच्या हातातली जपमाळ सुटते. ती पडण्याआधीच महाश्वेता झेलते आणि गळ्यात घालते. थोड्या वेळानं तो रागाचं सोंग आणून माळ परत मागतो. ती गळ्यातून काढून देते ती आपली मोत्यांची एकावली. तो ती घेतो, आणि हातात काय आलं हे त्याला कळतही नाही, कारण नजर तिच्या तोंडावर.

आता परत पहिल्या पानांवर या. दोन जन्म उलटल्यावर हाच पुंडरीक पोपट होऊन दरबारात उजवा पाय उचलतो. तोंडातून निघालेली पहिली कविता कसली? राजाच्या शत्रूंच्या बायकांचे स्तन जणू व्रत करताहेत: आसवांचं स्नान, शोकाच्या अग्नीजवळ वास, आणि ‘विमुक्ताहार’. या शब्दावर सगळा खेळ. व्रत आहे म्हणून आहार सोडला, आणि वैधव्य आलं म्हणून मोत्यांचा हार उतरला. दरबार वाहवा करतो. दरबाराला काय ठाऊक, की मोत्यांचा सर हातात घेऊनही ज्याला तो दिसला नव्हता, तो पोपट झाल्यावर पहिला उच्चार मोत्यांचाच करतो आहे. टीकाकार याला श्लेष म्हणून पुढं जातील. मला दुसऱ्यांदा वाचताना मात्र अंगावर काटा आला.

आणि ते स्कूटरचं वाक्य. चंद्रापीड सोळा वर्षांचा होऊन गुरुकुलातून निघतो तेव्हा बाप त्याला घोडा पाठवतो. इंद्रायुध. पारसीक राजाकडून नजराणा आलेला, समुद्राच्या पाण्यातून वर आलेला. दोन्ही बाजूंनी माणसं लगाम धरून उभी. तो घोडा बघून राजपुत्र चपापतो. त्याला वाटतं, हा नुसता घोडा असणं शक्य नाही, शापामुळे या रूपात आलेला कुणी थोर जीव असणार. पण कोण ते कसं कळावं? म्हणून वर चढण्याआधी तो मनातल्या मनात त्याची माफी मागतो: हे महात्म्या घोड्या, तू जो कोण असशील तो अस, तुला नमस्कार. तुझ्या पाठीवर बसण्याचा हा अपराध पोटात घाल. घोडा तिरक्या डोळ्यांनी बघतो आणि उजव्या खुरानं जमीन उकरतो.

तो घोडा म्हणजे पुंडरीकाचा जिवलग मित्र कपिंजल. मित्राचं प्रेत आकाशात नेणाऱ्या चंद्राकडून सगळं कळल्यावर ते पुंडरीकाच्या वडिलांना सांगायला धावताना त्यानं घाईत एका विमानचारी देवाला ओलांडलं; घोड्यासारखा उधळलास म्हणून घोडा झाला. हे आपल्याला कळतं ते शेवटी शेवटी. पण चंद्रापीडानं नमस्कार आधीच करून ठेवलेला असतो. उजव्या खुराचं आणि उजव्या पायाचं नातं मी लावते आहे, बाबा म्हणतात की उजवं ते शुभ एवढंच, उगाच ओढाताण करू नकोस.

बाबा आणि मी ज्यावर खरं भांडलो तो विषय वेगळा. बाण हे पुस्तक पुरं न करता गेला. पूर्वभाग संपतो तो मध्येच, चंद्रापीडाची दासी पत्रलेखा त्याला कादंबरीचं, म्हणजे त्याच्या प्रेमात पडलेल्या महाश्वेतेच्या मैत्रिणीचं, दुःख सांगत असताना. पुढचा उत्तरभाग त्याच्या मुलानं लिहिला. त्याचं नाव कुणी भूषणभट्ट सांगतं, कुणी पुलिंद. जगानं बापाला ‘बाणोच्छिष्टं जगत्सर्वम्’ म्हणून डोक्यावर घेतलं, आणि मुलाच्या नावावरही एकमत नाही.

‘बापानं राजवाडा बांधत आणला आणि पोरानं वर पत्रे टाकले,’ हे बाबांचं मत. भाषेपुरतं ते बरोबरच असेल, मला त्यातलं कळत नाही. पण तक्त्यातले सगळे बाण मुलानं काढलेत ना? पूर्वभागात चिन्हं आहेत: स्वप्नं, चंद्र, घोड्याचा संशय, तारुण्यात असूनही बायकांकडे न बघणारा शूद्रक. जाबाली ऋषीही पोपटाकडे बघून एवढंच म्हणतात, की हा आपल्याच गैरवर्तनाचं फळ भोगतो आहे. कोण कुणाचा कोण, हे उकलतं उत्तरभागात. वैशंपायन अच्छोदाच्या काठी आल्यावर काहीतरी हरवल्यासारखा वेड्यागत हिंडतो, परत जायला तयार होत नाही, महाश्वेतेच्या मागं लागतो, आणि ती, ज्याची वाट बघते आहे त्यालाच न ओळखून, शाप देते: पोपट हो. मित्र गेल्याचं ऐकून चंद्रापीडाचं काळीज फुटतं. पत्रलेखा घोड्याला ओढत सरोवरात उडी घेते आणि पाण्यातून कपिंजल वर येतो. हे सगळं मुलाच्या हातचं.

बापानं त्याला आराखडा सांगून ठेवला होता का, काय माहीत. नसेल सांगितला, तर हा मुलगा त्या पुस्तकाचा पहिला वाचक. बापाच्या पानांत विखुरलेल्या खुणा गोळा करून त्यानं ठरवलं, की ही एकाच माणसाची पावलं आहेत. सुरुवातीला तो लिहितो तेही मला फार आवडतं. वडील स्वर्गात गेले आणि त्यांच्या वाणीबरोबरच ही कथा पृथ्वीवर तुटली; ती अपुरी राहिल्याचं सज्जनांचं दुःख बघून मी सुरुवात केली, कवित्वाच्या घमेंडीनं नव्हे. आणि पुढं थोडी मिस्कीलीही आहे. कादंबरी म्हणजे एक प्रकारचं मद्यही. तिच्या रसानं लोक इतके झिंगलेत की त्यांना शुद्धच नाही, म्हणून रस-वर्ण नसलेल्या माझ्या शब्दांनी उरलेलं जोडायला मी भीत नाही.

हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘नम्रता बरी आहे. वाक्यरचना सैल.’

मग मी हुकमाचा पत्ता काढला. उत्तरभागात चंद्र कपिंजलाला सांगतो, की आता आम्हा दोघांना पृथ्वीवर दोनदा जन्म घेणं भाग आहे, नाहीतर ‘जन्मनि जन्मनि’ या शापातली वीप्सा सार्थ होणार नाही. वीप्सा म्हणजे शब्दाची द्विरुक्ती. घरोघरी, दारोदारी, जन्मोजन्मी. पुंडरीकानं रागाच्या भरात शब्द दोनदा उच्चारला, एकदाच म्हणाला असता तर एका जन्मात भागलं असतं! आकाशातला चंद्र व्याकरणाच्या सूत्रात अडकून पोपटाच्या अख्ख्या आयुष्याचं कारण होतो. आपल्याकडे वटपौर्णिमेला आकडाच सांगतात, सात, तेव्हा निदान घोळ होत नाही.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग बाबा हसायला लागले ते थांबेनात. आईनं फोन घेतला, ‘काय सांगितलंस गं त्यांना?’

‘ते वाक्य चांगलं आहे,’ बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून फोन करून सांगितलं. चाळीस वर्षांत भूषणभट्टाला मिळालेले एवढेच मार्क.

या कथेलाही मागचे जन्म आहेत. मूळ म्हणतात ते गुणाढ्याची पैशाची भाषेतली बृहत्कथा, जी आज हाती नाही. दंतकथेतला गुणाढ्य आपल्या पैठणच्या सातवाहनाच्या दरबारातला. राजानं पिशाच्चांच्या भाषेतला ग्रंथ म्हणून नाक मुरडलं, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकत गेला. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळाले, लाखभर वाचले. त्या वाचलेल्यांतून, असं सांगून, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात ही गोष्ट वेगळ्या नावांनी आहे, आणि पोपट घेऊन येणारी निषादकन्या तिथं नायिकाच आहे, शापामुळे तशी झालेली. बाण-भूषणांच्या पुस्तकात मात्र पिंजरा घेऊन येणारी मुलगी म्हणजे लक्ष्मी, पुंडरीकाची आई. शाप फिटेपर्यंत हा पुन्हा महाश्वेतेकडे उडून जाऊन आणखी काही करून बसू नये, म्हणून आईनं त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवलेलं असतं. प्रेयसीच्या जागी आई. हा बदल कुणाचा, बापाचा की मुलाचा? मला वाटतं बापाच्या मनात तो असणार, कारण पोपटाचं बालपण बापानं लिहिलं आहे.

ते बालपण असं. पंपा सरोवराच्या काठी एक जुनं शाल्मलीचं, म्हणजे सावरीचं झाड. ढोलीत पोपटाचं पिल्लू जन्मतं, आणि त्याच वेणांत आई मरते. म्हातारा बाप उरतो. त्याचे पंख झडलेले, उडवत नाही. तो इतर घरट्यांतून खाली पडलेले दाणे वेचून आणतो, पिल्लाला भरवतो, उरलं तर स्वतः खातो. एक दिवस शबरांची शिकार निघते. टोळी पुढं जाते, पण एक म्हातारा शबर मागं राहतो, झाडावर चढतो आणि फळं तोडावीत तसे ढोल्यांतून पोपट काढून माना मुरगाळून खाली टाकू लागतो. बाप पिल्लाला पंखाखाली घेतो. त्याला मारून खाली फेकलं जातं, आणि पंखात दडलेलं पिल्लू त्याच्याबरोबर पाचोळ्याच्या ढिगावर पडतं, म्हणून जगतं. पुढं ते पिल्लू स्वतःला दोष देतं, की बाप मेला आणि मी पाण्यासाठी तडफडतोय, मला तहान लागतेच कशी.

बाणाची आई तो लहान असताना गेली. वडिलांनीच आईची माया दिली, हे त्यानं ‘हर्षचरिता’त स्वतः लिहिलं आहे. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मग तो घर सोडून भणंग मित्रांबरोबर गावोगाव भटकला, बदनाम झाला, आणि पुढं कधीतरी हर्षवर्धनाच्या दरबारात पोचला. (हर्ष तोच, ज्याला आपल्या दुसऱ्या पुलकेशीनं नर्मदेवर अडवला.) चंद्र, कमळ, मोती या सगळ्या खुणांत मला ही खूण सगळ्यांत खोल वाटते: आई नसलेलं पिल्लू आणि दाणे वेचणारा बाप. गोष्टीत त्याला आई परत मिळते, पिंजरा हातात घेऊन आलेली. भले त्याच्याच मुलानं मिळवून दिलेली असो.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘जेवलीस का?’

एक गोष्ट मात्र गिळवत नाही. त्या मुलीच्या रूपाचं वर्णन करताना राजाच्या मनात येतं, की मातंग जातीचा विटाळ होईल या भीतीनं ब्रह्मदेवानं हिला हात न लावताच घडवलं असणार. आणि लक्ष्मी सांगते ते असं, की लोकांचा संपर्क टाळायला मी चांडाळ म्हणवून घेतलं. देवीला वेषांतर हवं होतं आणि जगानं जिच्याजवळ जाऊ नये अशी जात तयारच होती. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, मान्य, पण वाचणारी मी आजची आहे. दर वेळी त्या ओळीशी ठेच लागते, आणि लागावी.

त्याच पुस्तकात दुसऱ्या टोकाला एक उतारा आहे, तो पाठ करावा असा. महाश्वेता प्रियकरामागं मेली नाही याची तिला लाज वाटते. चंद्रापीड तिला समजावतो: हे जे अनुमरण म्हणतात ते अगदी निष्फळ आहे, अडाण्यांनी पाडलेली वाट आहे. मेलेला त्यानं परत येत नाही, त्याचं काही भलं होत नाही, आणि परलोकात गाठ पडेल म्हणावं तर ज्याचा त्याचा मार्ग कर्मानुसार वेगळा. पुनर्जन्मावर उभ्या असलेल्या पुस्तकात पुनर्जन्माच्याच हिशेबानं सहगमन खोडून काढलेलं! बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा १८२९चा.

म्हणूनच बाबांच्या तक्त्यातली ती शेवटची ओळ मला सगळ्यांत जड वाटते. पुरुष मरतात, जन्मतात, राजे होतात, पोपट होतात, घोडे होतात. महाश्वेता आणि कादंबरी एकाच जन्मात बसून वाट बघतात. चंद्रापीडाचं शरीर कुजत नाही, आणि कादंबरी ते रोज न्हाऊ घालते, फुलं वाहते, ऊन-पावसात जपते. वसंतात एक दिवस न राहवून मिठी मारते, आणि तो डोळे उघडतो. त्याला मधला अख्खा जन्म झोपेसारखा गेला. तिनं तो दिवस-दिवस मोजला.

हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. मराठीनं आणि कानडीनं या वाट बघणाऱ्या मुलीचं नाव घेतलं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं, आपण त्याला पहिली मराठी कादंबरी म्हणतो, आणि त्याचा विषय विधवांचे हाल. नाव देणाऱ्यांच्या डोक्यात हा धागा नसणारच. पण शब्द कुठल्या पुस्तकातून आला हे माहीत असलं की पांढऱ्या वस्त्रातली महाश्वेता त्या पहिल्या मराठी कादंबरीच्या पाठीशी उभी दिसते, त्याला काय करणार?

मधे मी मिशिमा या जपानी लेखकाच्या कादंबरीचे चार खंड वाचले, अर्थात इंग्रजीतून. त्यांतही एक माणूस पुन्हा पुन्हा जन्मतो आणि खूण म्हणजे डाव्या काखेखालचे तीन तीळ. होंडा नावाचा वकील आयुष्यभर त्या तिळांचा माग काढतो, मधे काशीला येतो, अजिंठ्याचे धबधबेही बघतो. आणि अगदी शेवटी, पहिल्या तरुणावर जिचं प्रेम होतं ती, आता मठात म्हातारी झालेली, शांतपणे म्हणते की अशा नावाचं कुणी मला आठवत नाही. होंडाच्या पायाखालची जमीनच जाते. शेवटचं हस्तलिखित देऊन मिशिमानं त्याच दिवशी, २५ नोव्हेंबर १९७०ला, जीव दिला. मी दोन दिवस सुन्न होते. बाबांना गोष्ट सांगितली. ‘तीळ?’ ते म्हणाले. ‘दुष्यंताची अंगठी काय वाईट होती?’

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. स्कूटर पुराच्या आधीच विकली. गेल्या दिवाळीत मी सांगलीला गेले तेव्हा त्यांना मंडईत यायचं होतं. हात धरून हळूहळू निघालो. लिंबवाल्याच्या गाड्याशेजारी एक चेतक उभी होती, रंग काळा मारलेला, मागं दुधाच्या दोन किटल्या बांधायच्या कड्या. बाबा थांबले. डाव्या बाजूच्या पत्र्याला एक कोचा होता. तो मी सातवीत असताना, सायकल शिकताना, भिंतीऐवजी स्कूटरला धडकून पाडला होता. निदान तसला.

‘आपलीच का हो?’ मी विचारलं.

बाबांनी वाकून कोच्यावरून बोट फिरवलं. नंबर बघायला मी मागं गेले, तर पाटी नवीन होती आणि आपला जुना नंबर आम्हा दोघांनाही धड आठवेना. शेवटी सत्याऐंशी होतं की अठ्ठ्याहत्तर, यावर थोडा वाद झाला. लिंबवाला आमच्याकडे संशयानं बघत होता.

‘असेल,’ बाबा म्हणाले. ‘नसेल.’

मग उजवा तळवा हेडलाइटवर टेकवला. ओठ हलले. मी लिंबं घ्यायला वळले.